‘कॅश’ : एका शब्दाची अर्थयात्रा

१

इंग्रजीतून मराठीत आलेल्या काही शब्दांची खरी ओळख पटण्यास त्यांची देवनागरी रूपेच आड येतात. ‘कॅश’ हा असा एक शब्द आहे. दुकानाच्या गल्ल्यावर आणि बँकेच्या खिडकीवर पिढ्यान्‌पिढ्या वाचलेला ‘कॅश’ म्हणजे रोकड. संगणकाच्या परिभाषेतून पुढे आलेला ‘कॅश’ म्हणजे नुकतीच वापरलेली माहिती पुन्हा लागेल या अपेक्षेने हाताशी राखलेला लहानसा, वेगवान साठा. इंग्रजीत या दोन शब्दांचे लेखन निराळे आहे, उच्चार मात्र एकच. देवनागरी उच्चाराच्या मागे जाते. त्यामुळे लेखनातला भेदही मराठीत उरला नाही. काही जण रोमन अक्षरे वाचून दुसऱ्या शब्दाचा उच्चार ‘कॅशे’ असा करतात आणि नकळत तिसऱ्याच एका फ्रेंच शब्दाजवळ जाऊन पोचतात. तो शब्दही याच कुळातला निघावा हा योगायोग आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

रोकड या अर्थाच्या ‘कॅश’चे मूळ लॅटिन ‘काप्सा’ म्हणजे पेटी या शब्दात आहे. रोमन लोक ग्रंथांच्या गुंडाळ्या ज्या वर्तुळाकार डब्यांत ठेवीत त्यांना ‘काप्सा’ म्हणत. पुढे इटालियन व फ्रेंच भाषांतून प्रवास करीत या शब्दाने प्रथम पैशांची पेटी आणि मग पेटीतला पैसा असा अर्थ धारण केला. दक्षिण भारतातील तांब्याच्या लहान नाण्याला वसाहतकालीन इंग्रजीत ‘कॅश’ म्हणत, त्याचे मूळ आणखी वेगळे. तमिळ ‘कासु’ पोर्तुगिजांच्या तोंडी बदलला आणि त्या वाटेने इंग्रजीत आला. म्हणजे देवनागरीतील या एका अक्षरजोडीखाली तीन वेगवेगळ्या वंशांचे शब्द एकत्र नांदत आहेत. प्रस्तुत विवेचनाचा विषय यांपैकी दडवलेला साठा या अर्थाचा, फ्रेंच वंशाचा शब्द हा आहे. मूळ फ्रेंच शब्द येथे ‘काश’ असा आणि त्याचे इंग्रजी रूप ‘कॅश’ असे लिहिले आहे.

कोशकार या शब्दाचा अर्थ ‘लपवण्याची जागा’ किंवा ‘लपवलेला साठा’ असा देतात. तो चूक नाही, अपुरा आहे. लपवण्याच्या प्रत्येक कृतीत दोन अनुपस्थित व्यक्ती गृहीत असतात : जिच्यापासून लपवायचे ती आणि जी परत येऊन काढून घेणार आहे ती. पहिलीचा विचार सगळेच करतात. ‘काश’ या शब्दाचा इतिहास पाहू लागले की दुसरी व्यक्ती अधिक महत्त्वाची ठरते. परत येणारे कोणी नसेल तर साठा आणि विनाश यांत फरक राहत नाही.

२

‘काश’ हे नाम ‘काशे’ म्हणजे लपवणे या फ्रेंच क्रियापदावरून आले आहे. व्युत्पत्तिकार या क्रियापदाची परंपरा ‘कोआक्तारे’ या लॅटिन क्रियापदापर्यंत आणि तेथून ‘कोगेरे’पर्यंत नेतात. ‘कोगेरे’ म्हणजे एकत्र हाकणे, गोळा करणे, आणि त्यातूनच भाग पाडणे, सक्ती करणे. गुरे एका जागी हाकून आणावीत तसे काही विखुरलेले एकत्र आणणे हे त्यातले मूळ चित्र आहे. लपवणे हा अर्थ तेथे कोठेच नाही. जुन्या फ्रेंचमध्येही ‘काशे’च्या अर्थात दाबणे, चेपणे यांचा समावेश होता आणि लपवणे या क्रियेसाठी ‘म्यूसे’ हे निराळे क्रियापद प्रचारात होते. पुढे ‘काशे’ने त्या क्रियापदाला मागे सारले. चिरडणे या अर्थाचे ‘एकाशे’ हे जुने फ्रेंच क्रियापद त्या आधीच्या अर्थाची खूण म्हणून उरले.

हा अर्थपालट समजण्यास अवघड नाही. वस्तू लपवायची तर ती आधी गोळा करावी लागते, लहान करावी लागते, कोठेतरी कोंबावी लागते. मात्र अर्थ बदलला तरी जुना अर्थ पुरता निघून गेला नाही. ‘काशे’पासून फ्रेंचमध्ये जे शब्दकुल तयार झाले त्यात दाब आणि दडण हे दोन्ही धागे शेजारी शेजारी दिसतात. लपंडावाच्या खेळाला फ्रेंच मुले ‘काश-काश’ म्हणतात. नाकापर्यंत गुंडाळायच्या गळपट्ट्याला ‘काश-ने’ म्हणजे नाक झाकणारा असे नाव आहे. क्षुल्लक गोष्टींची उगाच गुप्तता पाळण्याच्या सवयीला ‘काशोतरी’ म्हणतात. तिच्यात किंचित थट्टा आहे. ही झाली कुळाची घरगुती शाखा. दुसऱ्या शाखेत ‘काशो’ म्हणजे अंधारकोठडी आणि ‘काशे’ (शेवटी निराळा, अनुच्चारित वर्ण असलेला) म्हणजे मोहोर हे शब्द येतात. मोहोर हा शब्द ‘दाबणे’ या जुन्या अर्थातून आला. लाखेवर ठसा दाबून उमटवायचा म्हणून ती ‘काशे’. मराठीत काही जण ‘कॅशे’ म्हणतात तेव्हा उच्चाराने ते या मोहोरेपाशी येऊन थांबलेले असतात.

फ्रान्सच्या इतिहासात या दोन शाखांची गाठ ‘लेत्र द काशे’ या राजपत्रांत पडली. खुल्या राजपत्रांना ‘लेत्र पातांत’ म्हणत. ती सर्वांनी वाचावयाची असत. याउलट ‘लेत्र द काशे’ घडी करून, राजाच्या लहान मोहोरेने बंद करून पाठवले जाई. अशा एका पत्राने माणसाला चौकशीवाचून, मुदतीवाचून तुरुंगात टाकता येई. मिराबो अशाच पत्रामुळे व्हँसेनच्या किल्ल्यात बंदिवान झाला आणि १७८२ साली त्याचा या प्रथेविरुद्धचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्रांतीनंतर १७९० साली ही प्रथा रद्द करण्यात आली. राजाच्या जुलमाचे प्रतीक म्हणूनच तिच्याकडे दीर्घकाळ पाहिले गेले. मात्र आर्लेत फार्ज आणि मिशेल फूको यांनी बास्तीयच्या दप्तरातील कागद १९८२ साली प्रसिद्ध केले तेव्हा चित्र गुंतागुंतीचे झाले. पुष्कळ पत्रे पॅरिसमधील साध्या कुटुंबांनी स्वतः मागवलेली होती. उधळ्या मुलाविरुद्ध आईबाप, दारुड्या नवऱ्याविरुद्ध बायको, बायकोविरुद्ध नवरा असे अर्ज घेऊन लोक राजाच्या दारी जात होते. घराची अब्रू झाकण्यासाठी घरातले माणूस दडवायचे, अशी ती मागणी होती.

या कागदांमुळे ‘काशे’च्या मूळ अर्थाकडे पुन्हा पाहावे लागते. दडवण्यात दाबणे असतेच, पण ते कोणाला? वस्तू दडवली तर दाब वस्तूवर पडतो, माणूस दडवला तर माणसावर. राजपत्राच्या आधाराने दडवलेल्या माणसाला परत काढण्याची तारीख कोणीच लिहून ठेवलेली नसे. परत येणाऱ्याची व्यवस्था नसलेले हे दडवणे होते. अंधारकोठडी आणि धान्याचे कोठार यांतला फरक बांधकामात शोधून सापडणार नाही.

३

‘काश’ या नामाला ज्या अर्थाने जगभर ओळख मिळाली तो अर्थ फ्रान्सबाहेर घडला. उत्तर अमेरिकेत केसाळ कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच भाषक शिकारी आणि नावाडी नद्यांच्या वाटेने शेकडो कोस आत जात. परतीच्या प्रवासासाठी लागणारे अन्न, बंदुकीची दारू आणि जमवलेली कातडी ते वाटेत जमिनीखाली पुरून ठेवीत. त्या खड्ड्याला ते ‘काश’ म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजी लेखनात रुळला. कोलोरॅडो राज्यातील एका नदीचे नाव ‘काश ला पूद्र’ म्हणजे शब्दशः ‘दारू लपव’ असे आहे. हिमवादळात सापडलेल्या शिकाऱ्यांनी ओझे हलके करण्यासाठी बंदुकीची दारू तेथे पुरली, अशी कथा त्यामागे सांगतात. नकाशावर एक आज्ञार्थी वाक्य गोठून राहावे आणि आज्ञा देणारा व घेणारा दोघेही अनामिक असावेत, हे या शब्दाच्या स्वभावाला धरूनच झाले.

असा खड्डा करण्याची रीत मेरिवेदर लुईसने जून १८०५ मधील आपल्या रोजनिशीत सविस्तर नोंदवली आहे. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत प्येर क्रुझात नावाचा नावाडी होता. त्याचा बाप फ्रेंच आणि आई ओमाहा जमातीची. फिडल वाजवण्यासाठी तो मोहिमेत प्रसिद्ध होता. मिसूरी आणि मरायस या नद्यांच्या संगमाजवळ त्याच्या देखरेखीखाली खड्डा खणण्यात आला. उंच, कोरडी जागा निवडायची. सुमारे वीस इंच व्यासाचे हिरवळीचे वर्तुळ मातीसकट अलगद कापून बाजूला ठेवायचे. तोंड अरुंद ठेवून खाली पोट रुंद करीत किटलीच्या आकाराचा खड्डा सहा-सात फूट खोल न्यायचा. निघालेली माती कातड्यावर जमवून नदीत सोडायची, म्हणजे खणल्याचा माग राहत नाही. तळाशी काटक्या, वर गवत, त्यावर कातडी अंथरून सामान रचायचे. शेवटी माती भरून हिरवळीचा तुकडा होता तसा बसवायचा.

हे वर्णन वाचताना महाराष्ट्रातील वाचकाला ‘पेव’ आठवल्यावाचून राहणार नाही. पेवाचेही तोंड अरुंद आणि पोट मोठे असते. त्यातही कडेने गवताचा थर देतात आणि तोंड मातीने बंद करतात. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, कोंदलेली हवा निघून जाऊ द्यावी, हे शहाणपणही जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक होते. ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारात आज मागमूस नसलेली ती जमिनीखालची कोठी अजून शिल्लक आहे. मात्र पेवाची जागा गावाला माहीत असते आणि शिकाऱ्यांच्या ‘काश’ची जागा मोजक्या माणसांनाच. पेव मुख्यतः किडीपासून, पावसापासून आणि टंचाईपासून राखते. ‘काश’ला त्याशिवाय वाटसरूच्या नजरेपासूनही राखावे लागते.

वाटसरू हा शब्द येथे जपून वापरायला हवा, कारण ती भूमी रिकामी नव्हती. मिसूरीच्या काठावरील मांडान आणि हिदात्सा जमातींच्या वस्त्यांत मका साठवण्याचे असेच घागरीच्या आकाराचे खड्डे पूर्वीपासून होते आणि ते बायका खणीत. हिदात्सा जमातीतील ‘बफेलो बर्ड वुमन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीने आपल्या शेतीविषयी सांगितलेली माहिती गिल्बर्ट विल्सन या मानववंशशास्त्रज्ञाने १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. खड्डा कसा खणायचा, गवत कसे लावायचे, कणसे कशी रचायची याचे तिने दिलेले तपशील लुईसच्या नोंदीइतकेच नेमके आहेत. त्यांत सराईत हातांचा आत्मविश्वास आहे. पुरातत्त्वज्ञ आज या खड्ड्यांनाही फ्रेंच शब्दानेच संबोधतात. ज्यांच्यापासून लपवण्यासाठी शिकारी खड्डे खणत त्यांच्यातलेच पुष्कळ जण त्या विद्येत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. ती विद्या त्या शब्दाने झाकली गेली. दडवण्याचे काम शब्दही करतात याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

लुईस १८०६ च्या जुलैमध्ये परत आला. मिसूरीच्या मोठ्या धबधब्यांच्या वरच्या अंगाला मोहिमेने पुरलेला एक साठा त्याने उघडला तेव्हा पुराचे पाणी आत शिरलेले होते. अस्वलांची कातडी नासली होती आणि त्याने जमवलेले वनस्पतींचे सर्व नमुने गेले होते. मिसूरीचा नकाशा तेवढा वाचला. मरायसच्या संगमाजवळचा खड्डाही ढासळलेला निघाला आणि त्यातील बरेचसे सामान खराब झाले होते. रीत बिनचूक होती, जागा आठवत होती, माणूसही परत आला होता. तरीही जमिनीने दिलेला शब्द अर्धाच पाळला.

मराठीत ‘पुरणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : जमिनीत गाडणे आणि पुरेसे होणे. दोहोंच्या मुळाशी भरणे हीच क्रिया दिसते. खड्डा भरतो आणि गरजही भरते. पुढे पुरावे म्हणून आज पुरायचे, हा ‘काश’चा सारा हेतू मराठीच्या या एका क्रियापदात सामावतो. फ्रेंचमध्ये तो दाब आणि दडण यांच्या बाजूने व्यक्त झाला, मराठीत भरणे आणि भागणे यांच्या बाजूने. साठवणीच्या एकाच कृतीकडे दोन भाषांनी दोन टोकांनी पाहिले आहे.

४

विसाव्या शतकात हा शब्द पॅरिसमधील एका घरात पुन्हा माणसांसाठी वापरण्याची वेळ आली. क्रिस्तोफ बोल्तान्स्की यांची ‘ला काश’ ही कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली आणि तिला त्या वर्षीचा फेमिना पुरस्कार मिळाला. तिचा विषय लेखकाचे स्वतःचे कुटुंब हा आहे. आजोबा एत्येन बोल्तान्स्की हे डॉक्टर. त्यांचे घराणे ओदेसाहून आलेल्या ज्यूंचे. जर्मनांनी पॅरिस व्यापल्यानंतर आजी-आजोबांनी घटस्फोट घेतल्याचे दाखवले. नवरा घर सोडून गेला असे आजीने सर्वांना सांगितले. प्रत्यक्षात ते र्यू द ग्रनेलवरील त्याच घरात, जमिनीखाली केलेल्या अरुंद पोकळीत सुमारे दीड वर्ष दडून राहिले. धाकटे पुत्र क्रिस्तियां यांचा जन्म पॅरिस मुक्त झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, ६ सप्टेंबर १९४४ रोजी झाला. ‘लिबर्ते’ म्हणजे स्वातंत्र्य हे त्यांचे मधले नाव त्या दिवसांची खूण होती.

‘लेत्र द काशे’च्या काळातल्या कुटुंबांशी या कुटुंबाची तुलना केली म्हणजे या शब्दाचा पूर्ण पल्ला ध्यानात येतो. तेथे घराने आपले माणूस राज्याच्या हाती देऊन दडवले. येथे घराने आपले माणूस राज्यापासून दडवले. दोन्ही ठिकाणी शेजाऱ्यांसाठी एक गोष्ट रचावी लागली. दोन्ही ठिकाणी माणूस आखडून, दबून राहिला. फरक पडला तो रोज त्या फळीपाशी येणाऱ्या पावलांमुळे. अन्न घेऊन, बातमी घेऊन, कधी नुसतीच सोबत करायला कोणी तरी परत परत येत होते. त्या पावलांनी एका पोकळीची अंधारकोठडी होऊ दिली नाही.

मुक्ततेनंतरही दडण संपत नाही, हेही हे कुटुंब दाखवते. क्रिस्तियां बोल्तान्स्की (मृत्यू २०२१) पुढे जगप्रसिद्ध कलावंत झाले. त्यांच्या मांडणशिल्पांत बिस्किटांचे पत्र्याचे शेकडो डबे एकावर एक रचलेले दिसतात, अनोळखी माणसांची छायाचित्रे आणि वापरलेल्या कपड्यांचे ढीग दिसतात. एका रचनेत त्यांनी स्वतःच्या आयुष्यातील छायाचित्रे आणि कागदपत्रे अशाच डब्यांत बंद करून मांडली. प्रेक्षकाला डबे दिसतात. आतले दिसत नाही. गास्तों बाशलारने १९५७ साली ‘अवकाशाचे काव्यशास्त्र’ मांडताना खण, पेट्या आणि कपाटे यांना एक स्वतंत्र प्रकरण दिले होते. कुलुपाआडच्या जागेत मनाच्या अंतरंगाला आपले रूप सापडते, असा त्याचा विचार होता. बोल्तान्स्कींचे डबे पाहताना मात्र त्या विचारातील ऊब टिकत नाही. येथे पेटी अंतरंगाची राहिलेली नाही. जे परत आले नाहीत त्यांची ती मोजदाद आहे.

५

संगणकाच्या क्षेत्रात या शब्दाचा प्रवेश एका नियतकालिकाच्या संपादकामुळे झाला, ही गोष्ट वाङ्मयीन नियतकालिकांच्या वाचकांना सुखावणारी आहे. मुख्य स्मृती मोठी पण मंद असते. म्हणून वारंवार लागणारी माहिती एका लहान व वेगवान स्मृतीत उतरवून ठेवावी, ही कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली. त्यांनी अशा स्मृतीला ‘दास-स्मृती’ असे नाव दिले होते. पुढे आयबीएम कंपनीच्या ‘सिस्टिम ३६० मॉडेल ८५’ या यंत्रात ही योजना प्रत्यक्षात आली. तिच्यावरील लेखात अभियंत्यांनी ‘अतिवेगवान बफर’ असा रुक्ष शब्दप्रयोग केला होता. कंपनीच्या नियतकालिकाचे संपादक लाइल जॉन्सन यांनी अधिक अर्थवाही शब्द मागितला. तो न मिळाल्याने त्यांनी स्वतःच ‘कॅश’ हा शब्द सुचवला. १९६८ साली लेख छापून आले आणि शब्द रूढ झाला. दासाच्या जागी दडलेला साठा आला.

संपादकाची निवड चपखल होती, कारण हा साठा आज्ञावली लिहिणाऱ्याच्या नजरेआड राहून काम करतो. मात्र या स्थलांतरात शब्दाचे अंतरंग पालटले. शिकाऱ्याच्या खड्ड्यात मूळ वस्तू असे आणि ती एकमेव असे. खड्डा गेला की सर्वस्व गेले. संगणकाच्या ‘कॅश’मध्ये सहसा प्रत असते, मूळ माहिती दुसरीकडे असतेच. म्हणून नव्याला जागा हवी की जुने निःशंकपणे टाकून देता येते. जे अत्यंत मोलाचे ते पुरायचे, या अर्थापासून जे केव्हाही फेकता येईल ते जवळ ठेवायचे, या अर्थापर्यंत शब्द आला. भीतीही बदलली. लुईसला धास्ती होती ती साठा नासण्याची. येथे धास्ती असते ती मूळ बदलूनही प्रत जुनीच राहण्याची. शिळी प्रत केव्हा रद्द ठरवावी आणि वस्तूंना नावे कोणती द्यावीत, या दोनच गोष्टी संगणकशास्त्रात खऱ्या अवघड आहेत, अशा आशयाचे एक वचन फिल कार्लटन या तज्ज्ञाच्या नावावर सांगितले जाते. भाषेच्या अभ्यासकाला या दोन अडचणी एकच वाटण्याची शक्यता आहे. नाव हीसुद्धा वस्तूची हाताशी ठेवलेली प्रत असते, आणि वस्तू पालटली तरी ते तसेच राहते.

६

साहित्यसमीक्षेलाही या शब्दाचा इतिहास काही सांगतो. अर्थ लेखकाने कृतीत पुरून ठेवला आहे आणि समीक्षकाने तो उकरून काढावयाचा आहे, हे रूपक फार जुने आणि फार चिवट आहे. एडगर ॲलन पो याच्या १८४४ सालच्या ‘चोरलेले पत्र’ या कथेने ते कधीच अडचणीत आणले होते. पोलीस अधिकारी खुर्च्यांचे पाय पोखरतो, फरशांच्या सांधी तपासतो, आणि पत्र सर्वांच्या देखत भिंतीवरील एका साध्या कप्प्यात पडलेले असते. लाकाँ आणि देरिदा यांच्यात या कथेवरून जो वाद झाला त्याच्या तपशिलात येथे जाण्याचे कारण नाही. पोलिसाची चूक येथे पुरेशी आहे. लपवणे म्हणजे खोल नेणे, असे त्याने धरून चालले होते.

संस्कृत काव्यशास्त्राची दृष्टी या बाबतीत अधिक संयत होती. व्यंग्यार्थ अगदी उघडा पडला तर काव्याची प्रत उतरते आणि तो सापडेनासा झाला तरीही उतरते, असे मम्मटाच्या वर्गीकरणावरून दिसते. एका प्रसिद्ध सुभाषितात अर्थाच्या झाकलेपणाची तुलना निरनिराळ्या प्रदेशांतील स्त्रियांच्या वेषाशी केलेली आहे आणि झाकलेला तरी जाणवणारा अर्थ सांगताना मराठी वधूचा दाखला दिला आहे. उपमेची रुची आज कोणाला मानवेल न मानवेल. तिच्यामागील विचार टिकाऊ आहे. झाकण हा अर्थाच्या वाटेतील अडथळा नाही, अर्थ पोचण्याची ती एक रीत आहे.

‘कोगेरे’ या मूळ लॅटिन क्रियापदाकडे परत गेले तर आणखी एक वाट दिसते. संत ऑगस्टीनने ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात स्मृतीचा विचार करताना तिला विस्तीर्ण दालनांचे रूप दिले आहे. तेथे तो म्हणतो ते असे : काही गोष्टी स्मृतीच्या दूरच्या कोपऱ्यांत विखरून पडलेल्या असतात, त्यांना पुन्हा एकत्र गोळा करणे म्हणजेच विचार करणे. त्यासाठी तो ‘कोगो’, म्हणजे गोळा करतो, आणि ‘कोगितो’, म्हणजे विचार करतो, या दोन क्रियापदांचे नाते दाखवतो. म्हणजे लपवण्याचा ‘काश’ आणि विचाराचा ‘कोगितो’ हे एकाच घरातले आहेत. जे एकदा गोळा करून दडवले ते पुन्हा गोळा करण्यासाठीच दडवले होते, असा त्या नात्याचा अर्थ लावता येतो.

मराठी गद्याच्या आरंभाला हेच घडलेले आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ धामधुमीच्या काळात नाहीसे झाले आणि ज्यांना ते पाठ होते त्यांच्या स्मरणातून पुन्हा उभे राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. हिराइसेच्या पाठाचा उल्लेख त्या संदर्भात आदराने होतो. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षरांच्या अदलाबदलीचा तो संकेत पंथाबाहेरच्या वाचकाला विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीमुळे उलगडला. तोवर मराठीच्या वाङ्मयेतिहासाला आपल्या सर्वांत जुन्या गद्याचा पत्ता नव्हता. जमिनीत काही पुरलेले नव्हते. पोथ्या मठांतून वाचल्या जात होत्या, जपल्या जात होत्या. लिपी हेच त्यांचे पेव होते, आणि पंथीय वाचकांची रोजची ये-जा त्यात कीड लागू देत नव्हती. संशोधक आले म्हणून ग्रंथ वाचले, असे म्हणणे त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांवर अन्याय करणारे ठरेल. बाहेरच्यांना ते उशिरा सापडले, एवढेच खरे.

हे सर्व लक्षात घेतले म्हणजे बोल्तान्स्की यांच्या कादंबरीचे शीर्षक मराठीत कसे आणावे, हा प्रश्न वरकरणी वाटतो त्याहून अवघड होतो. ‘दडण’ हा चांगला मराठी शब्द आहे, पण त्यात लपणारा एकटा पडतो. ‘बळद’ घरातले आहे, भिंतीच्या आतले आहे. मात्र त्यात धान्य असते, माणूस नसतो. ‘तळघर’ म्हटले की वास्तू डोळ्यांपुढे येते आणि कृती हरवते. ‘ठेवा’ म्हटले की मोल कळते, भीती कळत नाही. जो अनुवादक यांपैकी एक शब्द निवडील त्याला उरलेल्यांचे अर्थ पुस्तकाच्या आतल्या पानांत सांभाळून न्यावे लागतील, आणि एत्येन बोल्तान्स्की यांच्यासाठी त्या फळीपाशी रोज कोणी येत होते, हे मराठी वाचकाला पहिल्या काही पानांतच ऐकू यावे अशी वाक्यरचना करावी लागेल.